पाच मायक्रॉन

मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
मेणात बसवलेलं मांस मी कापते.
पाच मायक्रॉन. कांद्याचा पापुद्रा याच्यापुढं गोणपाट.
फीत कोमट पाण्यावर तरंगते,
काचेवर उचलायची, श्वास रोखून.
एक शिंक, आणि कुणाचं तरी निदान फरशीवर.

शाहीन मुजावर नवीन आहे. विचारते,
"ताई, कुठलं मांस ते ओळखायचं कसं?"
आधी पट्टे बघ.

पट्टे आहेत, दोर लांबच लांब आहे,
केंद्रकं कडेला सरकलेली,
पाहुणे आल्यावर पोरं भिंतीला टेकतात तशी,
तर हे हुकमाचं. दंड, मांडी, पाठ.
गडद, फिकट, गडद, फिकट.
माझा बाप सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहायचा.
मला वाटायचं, ओझ्याखाली मांस आखडतं, रबरासारखं.
तसं नसतं. धागे तेवढेच राहतात.
बारीक धागे जाड धाग्यांमधे सरकतात,
आणि जाड धाग्यांना इवले हात असतात:
धरतात, ओढतात, सोडतात, पुढचं धरतात,
विहिरीतून घागर वर घ्यावी तसं,
हात बदलत.

"आणि पट्टे नसले तर?"
तर चातीसारख्या पेशी शोध, मधोमध एकच केंद्रक.
हे बिनहुकमाचं. आतडं, धमनी, मूत्राशय.
तू जेवलीस आणि विसरलीस. त्या विसरत नाहीत.
घाई नाही, दमणं नाही.
काल गर्भाशयाचा तुकडा आला,
पंचावन्न वर्षांची बाई, बेडगची, चार बाळंतपणं.
काचेवर चारातलं एकही दिसत नाही.
अंगावर काटा येतो ना, तोही यांचाच:
केसागणिक मुळाशी एक दोरी.

तिसरं फसवतं.
पट्टे आहेत, पण ऐकत कुणाचं नाही.
फाटे फुटलेले, पेशीला पेशी पायऱ्यांनी जोडलेली,
एकीला कळलं की सगळ्यांना कळलं.
यार्डात कुंभोजे मुकादम "हां" म्हणायचे
आणि अख्खी टोळी एकदम वाकायची, तसं.
इथला मुकादम उजव्या कप्प्यात, वरच्या अंगाला,
स्वतःच म्हणतो "हां", मिनिटाला सत्तर वेळा.
यार्ड अमावास्येला बंद असायचं,
एकदा हमालीच्या दरासाठी सतरा दिवस.
हे बंद ठेवत नाही.
यातला तुकडा मेला तर जागेवर मांस येत नाही,
व्रण येतो. खास रंग दिला की निळा दिसतो.
निळं ओढत नाही,
नुसतं जागा धरून बसतं.

शाहीन लिहून घेते. पुढचं मी सांगत नाही.

बाप पहाटे गेला. अंघोळ घालायला घेतलं तेव्हा
उजवी मूठ मिटलेली,
नखांत हळद.
आत्या म्हणाली, "आकडा हाय त्येच्या हातात.
पोतं सोडवंना झालंय त्येला."
चुलता बोटं उलगडायला गेला,
आईनं त्याचं मनगट धरलं.

मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी:
त्या इवल्या हातांना धरून राहायला काही लागत नाही,
सोडायला इंधन लागतं.
श्वास थांबतो, इंधन संपतं,
जो जिथं असेल तिथं अडकतो.
दीड-दोन दिवसांत सुटतं आपोआप.
एवढं कोण थांबतं.
दिवस मावळायच्या आत कृष्णेकाठी नेला,
मूठ तशीच.
पाच गुणांचा प्रश्न. साडेचार मिळाले होते.

इथं केंद्रकं जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी.
पिवळ्याची बाटली या मांडणीवर नाही.

"ताई," शाहीन म्हणते,
"सोडा की काच.
मी धरलीय."